लहानपणीचे पेय, साठ सेकंदांत

लहानपणी प्यायलेल्या पेयाच्या आठवणीवर बेतलेली छोटी फिल्म हा जाहिरातीचा वेगळा प्रकार म्हणून भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत रुजला. तिची लांबी साठ सेकंदांपासून तीन-चार मिनिटांपर्यंत असते. तिच्यात पेयाचे गुण सांगत नाहीत, किंमत सांगत नाहीत, ‘आजच घरी आणा’ असेही कोणी म्हणत नाही. आजोळचे अंगण, उन्हाळ्याची सुट्टी, गच्चीवरची भांडणे, शिकायला परगावी निघालेला थोरला भाऊ असे काहीतरी घडते आणि शेवटच्या चार-पाच सेकंदांत बाटली किंवा पाकीट दिसते. धंद्यातली माणसे या दृश्याला ‘पॅक शॉट’ म्हणतात. आधीचे सगळे त्याचीच पूर्वतयारी असते, पण ते जाणवू न देणे हे दिग्दर्शकाचे कसब. फिल्मची सारी भिस्त एका गोष्टीवर असते: पाहणाऱ्याने आपली आठवण आणून तिच्यात घातली पाहिजे. ती आठवण त्याच ब्रँडची असावी लागत नाही. बहुतेक वेळा ती नसतेच.

महाराष्ट्रात बाटलीबंद पेये आली ती अशा जाहिरातींच्या फार आधी. मुंबईत पालनजींचा सोडा १८६५ पासूनचा, पुण्याच्या कॅम्पातले आर्देशीर १८८४ पासूनचे. मुंबईतच १८८९ मध्ये दिनशाजी पंडोल यांनी ‘ड्यूक अँड सन्स’ सुरू केली. पंडोल क्रिकेट खेळणारे. इंग्लंडच्या ज्या ‘ड्यूक’ चेंडूने ते गोलंदाजी करत त्याचेच नाव त्यांनी सोड्याला देऊन टाकले. ड्यूक्सचा रासबेरी सोडा पारशी लग्नाच्या पंगतीत पोहोचला आणि मँगोला मुंबईच्या शाळकरी पोरांच्या हातात. मोठ्या शहरांबाहेर मात्र ब्रँड नावाची भानगड फारशी नव्हती. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, यात्रेत गोटी सोडा मिळे आणि तो भरणारा माणूस त्याच गावचा असे.

या गोटीच्या बाटलीचे पेटंट हायरम कॉड या इंग्रजाने १८७० च्या दशकात घेतले. तिच्या तोंडाशी आतून रबराचे वायसर बसवलेले असते आणि मानेत एक काचेची गोटी मोकळी फिरत असते. बाटली उलटी धरून भरतात. गोटी खाली घरंगळून वायसरवर बसते, सोड्यातला वायू तिला आतून दाबून धरतो आणि बाटली स्वतःच बंद होते. उघडताना अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलायची. वायू सुटतो तेव्हा जो आवाज होतो, तो गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मानेला दोन खाचा असतात. पिताना बाटली त्या बाजूने तिरकी केली तर गोटी खाचेत अडकते आणि सोडा नीट येतो, उलट्या बाजूने धरली तर गोटी परत तोंडाशी येऊन बसते. ही युक्ती मुले एकमेकांना शिकवत. आठवणीची फिल्म करणाऱ्याला असे तपशील हवे असतात, कारण त्यांत हाताला काहीतरी करायला मिळते. चव पडद्यावर दाखवता येत नाही, हात दाखवता येतात.

पेयांच्या जाहिरातीला खरे बळ मिळाले ते माध्यमांमुळे. विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. दूरदर्शनवर त्या १ जानेवारी १९७६ पासून आल्या. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, कोका-कोला भारतातून बाहेर पडली आणि त्या मोकळ्या जागेत पार्लेचे थम्स अप आणि दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सचे कॅम्पा कोला उभे राहिले. पार्लेकडे नारंगी रंगाचे गोल्ड स्पॉट आणि लिंबाच्या चवीचे लिम्का आधीच होते. अहमदाबादच्या खंबाटा कुटुंबाने रसना आणली. तिच्या जाहिरातीत शेवटी एक लहान मुलगी रसनावर आपले प्रेम असल्याचे इंग्रजीत सांगे, आणि पाच रुपयांच्या एका पाकिटात बत्तीस ग्लास होतात हा हिशेब घरोघरच्या आयांना पाठ होता. १९८५ मध्ये फ्रूटी कागदी खोक्यात आली. बाटली परत करायची कटकट नाही आणि नळी खोक्यालाच चिकटवलेली. मराठवाड्यात हे सगळे चित्ररूपाने पोहोचायला थोडा वेळ लागला. १९८४ च्या सुमारास देशभर लहान-मोठी प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली; खुलताबादजवळच्या म्हैसमाळच्या डोंगरावरही दूरदर्शनचा मनोरा आला. तोवर औरंगाबादेत जाहिरात म्हणजे प्रामुख्याने रेडिओ, भिंतीवरचे रंगकाम आणि सिनेमाच्या मध्यंतरात पडद्यावर येणाऱ्या काचेच्या स्लाइड.

त्या काळच्या शीतपेयांच्या जाहिरातींत भूतकाळ औषधालाही सापडत नाही. त्यांत जीन्स घातलेली मुले, गिटार, समुद्रकिनारा आणि इंग्रजी गाणी असत. कॅम्पा कोलाची कैलाश सुरेंद्रनाथ यांनी केलेली फिल्म अंदमानच्या पाण्यावर घेतली होती आणि तिच्यात सलमान खान होता, नायक होण्याच्या कितीतरी आधी. औरंगाबादच्या गुलमंडीवर गोल्ड स्पॉट पिणाऱ्या मुलाला त्या बाटलीतून मुंबईची चव मिळत होती, आणि जाहिरातदारालाही तेच विकायचे होते. आज त्याच बाटलीचे नाव काढले की डोळ्यांपुढे गुलमंडी येते. गोल्ड स्पॉट आता बाजारात नाही. १९९३ मध्ये पार्लेने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही नावे परतलेल्या कोका-कोलाला विकली. नव्या मालकाकडे स्वतःचे फँटा असल्याने गोल्ड स्पॉट मागे पडत नाहीसे झाले. ड्यूक्स १९९४ मध्ये पेप्सीकडे गेले. त्या काळच्या नारंगी आणि लिंबू चवीच्या शीतपेयांत स्वाद पाण्यात तरंगता ठेवण्यासाठी ब्रोमिनेटेड व्हेजिटेबल ऑइल वापरण्याची पद्धत होती. भारतात त्यावर १९९० मध्ये बंदी आली. म्हणजे हट्टाने तीच चव परत आणायची म्हटले तरी कायदा आडवा येईल. फिल्मवाल्याचे यात काही अडत नाही. त्याला चवीची गरज नाही, चवीबद्दलच्या हळहळीची आहे.

या हळहळीचे पुरते व्यापारी रूप पहिल्यांदा दिसले ते ‘पेपर बोट’मध्ये, आणि गंमत अशी की या ब्रँडला स्वतःचे बालपणच नव्हते. कोका-कोलात काम केलेले नीरज कक्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेक्टर बेव्हरेजेस ही कंपनी काढली. त्यांचे आधीचे उत्पादन झिंगा हे ऊर्जापेय होते. २०१३ मध्ये त्यांनी पन्हे, जलजिरा, कोकम, जांभूळ अशी घरगुती पेये पाकिटात भरून आणली आणि बोधवाक्यातच पेयांच्या जोडीला आठवणी बसवल्या. पाकिटाचे रूप पुण्याच्या ‘एलिफंट डिझाइन’ने घडवले. चमक नसलेला मऊ रंग, हातात धरायला सोपा आकार आणि मागच्या बाजूला लहानपणाबद्दल गप्पा मारल्यासारखा मजकूर. अगदी सुरुवातीच्या टीव्ही जाहिरातीत गुलजारांचा आवाज होता आणि ‘मालगुडी डेज’ची धून. ही धून एल. वैद्यनाथन यांची. मालिका शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेली, १९८०च्या दशकात दूरदर्शनवर गाजलेली, आणि तिच्या शीर्षकातली रेखाटने आर. के. लक्ष्मण यांची.

हा निर्णय किती हिशेबी होता हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. २०१३ मध्ये तिशी-चाळिशीत असलेला ग्राहक १९८६-८७ मध्ये शाळकरी होता. तेव्हा देशभर एकच वाहिनी होती, म्हणून अमृतसरचा मुलगा, मदुराईचा मुलगा आणि औरंगाबादच्या सिडकोतला मुलगा एकाच संध्याकाळी तीच धून ऐकत होते. इतकी सामायिक आठवण त्याच्या आधीच्या पिढीकडे नव्हती आणि केबल आल्यावर नंतरच्या पिढीकडेही उरली नाही. पेपर बोटने स्वतःकडे नसलेली आठवण रीतसर हक्क घेऊन दूरदर्शनकाळातून उसनी घेतली आणि पाकिटावर लावली. पेय नवे, कंपनी नवी, पाकीट तर अगदीच नवे; जुनी होती ती फक्त धून, आणि तेवढे पुरले.

मराठी घराच्या बाजूने पाहिले तर या उसनवारीत एक बारीक फट दिसते. चैत्रात हळदीकुंकवाला जे पन्हे होते त्यात उकडलेल्या कैरीचा गर, गूळ किंवा साखर, वेलदोडा आणि जमल्यास केशर. सोबत कैरीची डाळ आणि भिजवलेले हरभरे. पाकिटातले पन्हे उत्तरेकडच्या वळणाचे, जिरे आणि काळे मीठ घातलेले. फिल्म पाहून डोळे भरून आलेला मराठी ग्राहक पहिल्या घोटाला थोडा थबकतो. तरीही तो पाकीट खाली ठेवत नाही, हे जाहिरातीचे यश मानायचे की त्याचा भिडस्तपणा, हे ज्याने त्याने ठरवावे.

कंपन्या आठवणीकडे वळण्यामागे भावनेइतकाच कायदाही आहे. अन्नपदार्थांच्या जाहिरातीतल्या दाव्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत. ‘ताकद वाढते’, ‘उंची वाढते’ असे म्हणायचे तर आधार दाखवावा लागतो. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार चिप्स, कार्बनयुक्त पेये वगैरेंची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा खास मुलांच्या वाहिनीवर दाखवता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये तर केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बोर्नव्हिटासारखी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितले, कारण अन्न सुरक्षा कायद्यात असा वर्गच नाही. दुधात घालायच्या भुकटीने पिढ्यान्‌पिढ्या जे सांगितले ते आता जपून सांगावे लागते. आठवणीला असा कोणताही पुरावा लागत नाही. ‘आजीच्या घरी आम्ही हे प्यायचो’ या वाक्याची प्रयोगशाळेत तपासणी होत नाही. शिवाय अशी फिल्म पडद्यावर मूल दाखवते, पण बोलते ती मोठ्या माणसाशी. त्यामुळे मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातीचे निर्बंधही तिला सहसा लागत नाहीत. या प्रकारातली कारागिरी कितीही देखणी असली, तरी साखरेचा विषय तिच्यात कधी निघत नाही, हे नोंदवून ठेवायला हवे.

फिल्म बनवण्याची सुरुवात ‘ब्रीफ’ने होते. कंपनी एजन्सीला कोणाला काय वाटले पाहिजे ते सांगते. एजन्सीचा लेखक गोष्ट लिहितो. मग निर्मिती संस्था आणि दिग्दर्शक ठरतात. चित्रीकरणाआधीच्या मोठ्या बैठकीला ‘पीपीएम’ म्हणतात. तिथे कपड्यांच्या रंगापासून पेल्याच्या आकारापर्यंत सगळे कागदावर मंजूर होते आणि नंतर बदल करायचा तर पैसे कोणी द्यायचे हेही तिथेच ठरते. या साखळीतला सर्वात नाजूक भाग म्हणजे गोष्ट. ती बहुधा मुंबईत किंवा बंगळुरात लिहिली जाते आणि तिच्यात हटकून पाऊस येतो. चिखलात उड्या, वळचणीचे पाणी, कागदी होड्या. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या बालपणाला हे शोभते. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते आणि घरातल्या नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने. इथल्या बालपणात पाणी खेळायला कमी आणि भरून ठेवायला जास्त होते. टिप, हंडे, कापड बांधलेला माठ, त्यात टाकलेला वाळा. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्य आणि बिअर कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती. पेय आणि पाणी यांचा संबंध ज्या शहराने असा कोर्टात पाहिला, तिथली गोष्ट उन्हाळ्यातच घडली पाहिजे. तहान हा या शहराचा विषय आहे, आणि पेयाच्या जाहिरातीला तहानेपेक्षा आणखी काय हवे?

अशी गोष्ट शोधायची तर साहित्य इथे भरपूर आहे. मेच्या दुपारी पारा चाळिशीपार गेल्यावर रस्त्याकडेला वाजणारे रसवंतीचे घुंगरू हा त्यातला पहिला आवाज. चरकाच्या चाकाला घुंगरू बांधलेले असतात, ऊस आत गेला की ते वाजू लागतात आणि गिऱ्हाइकाला वळून पाहायला लावतात. रसवंतीची नावे महाराष्ट्रभर सारखीच, कानिफनाथ किंवा नवनाथ, कारण या धंद्यात पुरंदर तालुक्यातून बाहेर पडलेली कुटुंबे पुष्कळ आणि त्यांचे श्रद्धास्थान बोपगावच्या डोंगरावरचे कानिफनाथ. दुसरीकडे रमजानच्या संध्याकाळी शहागंज आणि सिटी चौकात गुलाबी सरबताचे ग्लास. रूह अफ्झा हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीतून बाजारात आलेले सरबत इथे गेली कित्येक वर्षे घरचेच आहे. मोसंबीचा रस हा मराठवाड्याचा खास. जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाड्याच्या केशर आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या तीनही पेयांत कंपनी नाही किंवा असली तरी मुंबईची नाही. म्हणूनच जाहिरातदाराला ती पार्श्वभूमीसाठी हवी असतात आणि पॅक शॉटमध्ये नको असतात.

मुलांचे सर्वात आवडते पेय तर आणखी अडचणीचे. प्लॅस्टिकच्या लांब नळीत गोठवलेले रंगीत गोड पाणी, दातांनी टोक फाडून चोखायचे. त्याला महाराष्ट्रभर पोरे ‘पेप्सी’ किंवा ‘पेप्सीकोला’ म्हणतात, आणि त्या नावाच्या कंपनीशी त्याचा सुतराम संबंध नाही. कोणी तरी गल्लीतल्या फ्रीजमध्ये ते करून विकत असे. दुसऱ्या ब्रँडच्या फिल्ममध्ये एखाद्या मुलाने खऱ्याखुऱ्या बोलीत ‘काका, एक पेप्सी द्या’ म्हटले, तर कंपनीचा वकील ते वाक्य काढून टाकायला लावेल. मग लेखक ‘काका, एक गारेगार द्या’ लिहितो आणि औरंगाबादचा प्रेक्षक ओळखतो की याला काही माहीत नाही.

काळ उभा करण्याचे काम कलादिग्दर्शकाचे. जुने शहर नुसते जुने दिसून भागत नाही, नेमक्या सालातले दिसावे लागते. गोष्ट १९८५ ची असेल तर रस्त्यावरच्या स्कूटरला ‘एमएच-२०’ची पाटी चालत नाही, एमएच मालिका १९८९ ची. रेल्वे दाखवायची तर मनमाडहून येणारा मार्ग तेव्हा मीटरगेज होता, तो १९९०च्या दशकात रुंद झाला. दुकानाच्या पाटीवर शहराचे नाव औरंगाबाद हवे. बाटल्यांचे काम सर्वात किचकट. परत घेऊन पुन्हा भरल्या जाणाऱ्या काचेच्या बाटल्या कारखान्यातल्या पट्ट्यावर एकमेकींवर घासत आणि त्यांच्या खांद्याला व बुडाला पांढुरके कडे पडे. ते कडे नसलेली बाटली कोरी आणि खोटी दिसते, म्हणून सहायक नव्या बाटल्यांना पॉलिश पेपरने तेवढ्याच दोन जागी घासतात. बिल्ला, म्हणजे बाटलीचे दातेरी बूच, हा मुलांचा ठेवा. त्याच्या आतले अस्तर नखाने काढले की कधी चित्र निघे, कधी बक्षीस. बाटलीवरचे नाव मात्र जपून. गोल्ड स्पॉट बाजारात नसले तरी नाव मालकाचेच राहते. परवानगी नसेल तर लेबलचा रंग तोच ठेवून अक्षरे बदलतात आणि कॅमेरा तिथे रेंगाळत नाही.

ठिकाणांच्या परवानग्यांत वेगवेगळ्या खात्यांच्या वाऱ्या कराव्या लागतात. बीबी का मकबरा, दौलताबाद, वेरूळ, अजिंठा ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्मारके. तिथे चित्रीकरणाला सर्वेक्षणाची परवानगी आणि शुल्क लागते, आणि माल विकायच्या फिल्मकडे खाते जरा वाकड्या नजरेनेच पाहते. पाणचक्की वक्फ मंडळाकडे. बाजारपेठेत काम करायचे तर पोलीस आणि महापालिका. खरे तर या प्रकारच्या फिल्मला मकबरा लागतच नाही. पर्यटन महामंडळाच्या भिंतीवरचे दृश्य कोणाच्याही बालपणात नसते. बेगमपुऱ्यातली एखादी गल्ली, पैठण गेटजवळचे दुकान किंवा सिडकोची एकमजली घरे जास्त उपयोगाची.

कलावंतांसाठी शहराबाहेर जावे लागत नाही. इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने आणि हौशी रंगभूमीने मराठीला बरेच दिले आहे. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, प्रतीक्षा लोणकर यांची ‘जिगीषा’ ही संस्था इथलीच. मकरंद अनासपुरे याच जिल्ह्यातल्या बिडकीनचे. प्रश्न उरतो तो उच्चारांचा. फिल्म हिंदीत असली तरी इथली हिंदी दख्खनी वळणाची, आणि मराठीत तिचे शब्द सहज मिसळलेले. डबिंगच्या वेळी ते सगळे पुण्याच्या मराठीत धुऊन काढले, तर चित्र एका गावचे आणि आवाज दुसऱ्या गावचा अशी गत होते.

लहान मुलांबाबत नियम कडक आहेत. बालमजुरी प्रतिबंधक नियमांत २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करायला लावता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, शाळा बुडणार नाही हे पाहावे लागते आणि मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकावा लागतो. मे महिन्याच्या उन्हात पाच तास म्हणजे प्रत्यक्षात सकाळचे तीन आणि संध्याकाळचे दोन. मधली दुपार, जिच्याबद्दल सगळी गोष्ट आहे, ती सावलीत बसून घालवायची आणि पडद्यावरचे ऊन दिव्यांनी तयार करायचे.

पेयाचे स्वतःचे दृश्य सहसा वेगळ्या दिवशी, बंद स्टुडिओत, वेगळे पथक घेते. खरा बर्फ दिव्यांखाली पाहता पाहता वितळतो, म्हणून ॲक्रिलिकचे खडे वापरतात. ग्लासावरचे घामाचे थेंब म्हणजे पाण्यात मिसळलेले ग्लिसरीन. ते फवारले की ओघळत नाहीत, तासन्‌तास जागच्या जागी राहतात. प्रकाश मागून सोडतात, म्हणजे पेय आतून उजळलेले वाटते. ओतण्याचे दृश्य सेकंदाला हजारभर फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घेतात, तेव्हा कुठे एका क्षणाचा फेस डोळ्यांना दिसतो. इतका खटाटोप करून चित्र इतके चकाचक होते की आठवणीच्या भागाशी ते जुळत नाही. चांगला दिग्दर्शक म्हणून पॅक शॉटला मुद्दाम थोडे मळवतो: ग्लास स्टीलचा घेतो किंवा टेबलावर पाण्याचे वर्तुळ राहू देतो. कंपनीच्या माणसाला हे पटवण्यात बराच वेळ जातो.

रंगांबाबत एक रूढी झाली आहे. जुना काळ म्हटला की चित्र पिवळसर करायचे. घरच्या अल्बममधले १९८० च्या आसपासचे रंगीत फोटो पाहिले तर त्यांतले बरेच लालसर झालेले दिसतात, कारण त्या काळच्या कागदावर आणि फिल्मवर निळसर छटेचे रंगद्रव्य सर्वांत आधी उडते. ज्याने हे पाहिले आहे तो दिग्दर्शक हिरवा-निळा कमी करतो, सावल्यांत थोडा तांबूसपणा येऊ देतो आणि चौकट चार बाय तीनची ठेवतो, जुन्या टीव्हीसारखी.

संगीतात पूर्वी जिंगलचे राज्य होते. अशोक पत्की यांच्यासारख्या संगीतकाराने भावगीते आणि मालिकांची शीर्षकगीते करता करता हजारोंनी जिंगल केल्या, आणि त्यांतल्या काही भावगीतांपेक्षा जास्त लोकांना पाठ आहेत. आठवणीच्या फिल्ममध्ये जिंगलऐवजी जुनी धून येते, आणि तिच्याबरोबर हक्कांचा प्रश्न. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे, गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. म्हणजे १९७० च्या दशकातले जवळपास प्रत्येक गाणे आजही कोणाच्या तरी मालकीचे आहे, आणि चार ओळींसाठी मागितलेली रक्कम कधी कधी बाकीच्या फिल्मपेक्षा जड जाते. मग संगीतकाराकडून जुन्या गाण्याची आठवण येईल पण ते गाणे ठरणार नाही असे काहीतरी करून घेतात. पार्श्वध्वनी त्या मानाने स्वस्त आणि जास्त गुणकारी. बूच उघडल्याचा आवाज, घुंगरू, माठावर फुलपात्र ठेवल्याचा आवाज हे सगळे चित्रीकरणात नीट मिळत नाही, नंतर स्टुडिओत वेगळे मुद्रित करतात.

तयार फिल्मच्या अनेक आवृत्त्या काढाव्या लागतात. पूर्ण लांबीची इंटरनेटसाठी, साठ आणि तीस सेकंदांची टीव्हीसाठी, वीस आणि दहा सेकंदांची क्रिकेटच्या षटकांमधल्या जागेसाठी. चित्रपटगृहात दाखवायची असेल तर सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते. कापाकापीत आधी आजी जाते, मग गल्ली, मग संवाद. दहा सेकंदांत उरतात मुलाचा चेहरा आणि पॅक शॉट, आणि त्यात ही फिल्म सरबताची आहे की बिस्किटाची हेही कळणे अवघड. टीव्हीवरचा सेकंद महाग असल्याने हा प्रकार वाढला तो इंटरनेटवर, जिथे चार मिनिटांच्या फिल्मला जागेचे भाडे लागत नाही, फक्त पाहणाऱ्याला थांबवून धरावे लागते.

जुन्या नावाच्या पुनरुज्जीवनासाठी आठवणीच्या फिल्मचा मार्ग अटळ आहे असेही नाही. रिलायन्सने कॅम्पा २०२२ मध्ये विकत घेतले आणि मार्च २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणले. सलमान खानची ती जुनी फिल्म, १९८० च्या दशकाची चव, बंद पडलेला स्वदेशी ब्रँड असा आठवणींचा खजिना त्यांच्याकडे आयता होता. त्यांनी मुख्य भर दिला तो दोनशे मिलिलिटरच्या बाटलीवर छापलेल्या दहा रुपयांवर, आणि दुकानदाराला जास्त कमिशन देण्यावर. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींबाहेरच्या टपऱ्यांवर ती बाटली घेणाऱ्या बऱ्याच कामगारांच्या आठवणीत जुने कॅम्पा नाहीच.